तोंड नंतर

पापडी गावच्या ग्रेसी तुस्कानोला मराठी वाचणाऱ्या निदान दोन पिढ्यांनी पाहिलेलं आहे, पण ओळखत तिला कुणी नाही. शाळेच्या पुस्तकात विहिरीवर पाणी शेंदणारी बाई होती, ती ग्रेसी. एका दिवाळी अंकात खिडकीशी पत्र वाचत उभी असलेली विरहिणी, तीही ग्रेसी. खताच्या एका पत्रकात पाठीला फवारणीचा पंप लावलेला शेतकरी होता. मिशी सोडली तर तोही ग्रेसीच. एकदा तर ती झाड झाली होती. मुलांच्या पुस्तकात बोलणाऱ्या झाडाची गोष्ट होती आणि फांद्या खांद्यातून कशा वळतील ते बघायला सेबेस्टियनने तिला दोन्ही हात वर करून ओट्यावर उभं केलं होतं. शेजारचा फेबियन तेव्हा सायकलवरून चालला होता. तो पाय टेकून थांबला आणि म्हणाला, “काय गं ग्रेसी, स्वतःलाच वाळत घातलंस का?”

सेबेस्टियन म्हणजे तिचा नवरा. चित्रकार, पण श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगायच्या चित्रांचा नव्हे. पुस्तकांतली, मासिकांतली, कॅलेंडरवरची, औषधाच्या खोक्यावरची चित्रं काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. मुंबईच्या कलाशाळेतून बाहेर पडल्यावर त्याला पहिलंच काम एका मासिकात मिळालं, आणि तिथल्या संपादकांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “धुरंधर जमेल?”

जमेल, असं तो म्हणाला आणि खरंच जमलं. मग त्याचं नाव झालं ते तसंच झालं. ऐतिहासिक कादंबरी आली की संपादक म्हणत, “तुस्कानो, इथे धुरंधर द्या.” प्रेमकथा असली की, “दलाल होऊ द्या.” भुताखेताची किंवा पापपुण्याची गोष्ट असली की डोरे. तो तसं देई. हे सगळे जुने नामवंत चित्रकार. धुरंधर म्हणजे लुगड्याची प्रत्येक चुणी आणि कोळणीच्या पाटीतला प्रत्येक मासा खरा. दलाल म्हणजे एका दमात ओढलेली गोलाईदार रेषा, लांबलचक डोळे, आणि स्टॉलवरच्या ढिगातूनही हाक मारतील असे रंग. डोरे फ्रान्सचा, त्याच्या चित्रात कुठूनतरी उंचावरून उजेड पडे आणि खाली दरीत माणसं मुंग्यांएवढी. इंग्लंडचा बिअर्ड्स्ले पंचविशीतच गेला, पण काळ्या शाईचे मोठाले सपाट तुकडे आणि त्यांच्यामधून सळसळत निघालेली एकच रेषा एवढ्यावर त्याने जगाला वेड लावलं. जपानचा उतामारो लाकडी ठशांसाठी बायकांचे चेहरे काढी. मोजक्या चार रेषांत अख्खी बाई. सेबेस्टियनच्या हातात हे सगळे होते. चित्र बघून कुणी “वा, दलाल!” म्हणालं की तो खूश होई. त्याचं स्वतःचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत असे, कधी छापायचं राहूनही जाई.

या सगळ्यांना ग्रेसी घरी येऊन राहिलेल्या पाहुण्यांसारखी ओळखायची. कुणाची पुस्तकं तिने वाचली नव्हती, पण कुणाला काय लागतं ते तिला ठाऊक होतं. दुपारी चहा ठेवताना ती विचारी, “आज कोण आलंय?”

“आज फ्रेंच.”

“म्हणजे वरून उजेड लागणार. मोरीच्या खिडकीखाली बसते. आणि काय करायचं?”

“पश्चात्ताप.”

“कशाचा?”

“ते लेखकाने अजून ठरवलेलं नाही. तू नुसती गुडघ्यावर बस.”

मग तो पेन्सिल घेऊन समोर बसे आणि सूचना सुरू होत. पदर असा घे. कोपर वर. बोटं जरा सैल सोड. मान तिकडे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, “बास. तोंड नंतर.” तोंड काढायला ग्रेसी लागतच नसे. तोंड पाहुण्याचं असे. धुरंधर आलेला असला तर धुरंधरच्या बाईचं, दलाल आलेला असला तर दलालच्या. कोपर, खांदा, पाठ, पावलं तिची. ती जुळली की तिची सुटका. ती उठून वाडीत जाई.

वाडी तिची होती. सासऱ्यांच्या वेळी तिथे नुसत्या केळी होत्या. ग्रेसी वटारची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन आल्यावर तिने तिथे सोनचाफ्याची कलमं लावली, ती जगवली, आणि मासिकांकडून मानधन यायला उशीर होई तेव्हा घर त्या चाफ्यावर चाललं. पहाटे फुलं काढायची, केळीच्या पानात बांधायची, दादरला जाणाऱ्या टेम्पोत द्यायची. तिची उमेद, तिचा हिशेबीपणा, तिचं फटकळ बोलणं, सगळं त्या वाडीत वाढलं. सत्तरी उलटली तरी फांदी ओढायची आकडीची काठी तिने हातातून सोडली नव्हती. चाफा विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला ती फोनवर असं काही सुनावायची की ओट्यावर बसलेला सेबेस्टियन हळूच आत निघून जाई.

तर अशा या ग्रेसीच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. पोराने समारंभाचा घाट घातला. ग्लेन अंधेरीला एका कंपनीत होता, त्याची बायको रोवेना शाळेत शिकवायची. नाताळानंतर चर्चमध्ये मिस्सा, मग हॉलमध्ये जेवण, आणि आमंत्रणाचं कार्ड छान व्हायला हवं असं दोघांनी ठरवलं. कार्डावर एका बाजूला पप्पा, एका बाजूला मम्मी. पप्पांचं चित्र तयारच होतं; कलाशाळेत असताना आरशात बघून त्यांनी स्वतःचं काढलेलं. मम्मीसाठी म्हणून रोवेनाने लग्नाचा आल्बम काढला. त्यातल्या प्रत्येक फोटोत ग्रेसीचे डोळे मिटलेले होते. दर वेळी फ्लॅश उडाला आणि तिने डोळे मिटले. एकच रीळ होतं.

“काही हरकत नाही,” ग्लेन म्हणाला. “आत्ताचा फोटो घेऊ आणि त्याचं पेंटिंग करू. एका मिनिटात होतं.”

त्याने जेवणाच्या टेबलाशीच मम्मीचा फोटो काढला आणि फोनवर बोट फिरवलं. वॉटरकलर ग्रेसी आली. पेन्सिलची आली. जुन्या कॅलेंडरसारखी आली. मग जपानी आली, केसात काड्या खोचलेली. रोवेना हसून हसून वाकली. “मम्मी, ही बघा, ही तर तुमची धाकटी बहीण वाटते!”

सेबेस्टियनने फोन हातात घेतला. एकेक चित्र तो सावकाश बघत गेला, पुढे गेला, परत मागे आला. “रेषा जरा मऊ आहे,” तो म्हणाला. “पण चांगलं आहे. फारच चांगलं आहे.” फोन परत देताना तो मुलाला म्हणाला, “मी हेच करायचो रे. बटण तेवढं संपादकाच्या हातात असायचं.”

ग्लेन आणि रोवेना हसले. त्यालाही ते विनोद म्हणूनच सांगायचं होतं. ग्रेसी हसली नाही. फोन देताना त्याची बोटं कशी ओशाळली होती ते तिने बघितलं होतं. आणि त्याहून एक गोष्ट तिच्या मनात आत कुठेतरी टोचली होती. फोनमधल्या त्या सगळ्या बायका तिच्या ओळखीच्या होत्या. पन्नास वर्षं त्या घरात येत-जात होत्या. तिची कोपरं घेऊन गेल्या होत्या, तिचे खांदे घेऊन गेल्या होत्या. ती स्वतः मात्र एकाही कागदावर नव्हती.

“कार्डावरचं चित्र तुम्ही काढायचं,” ती सेबेस्टियनला म्हणाली.

“काढतो की.”

“आणि माझं काढायचं. पाहुण्यांतल्या कुणाचं नाही.”

ग्लेन म्हणाला, “मम्मी, प्रिंटरला द्यायचं आहे गं.”

“दे ना. नाही म्हटलंय कुणी? पण चित्र झाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून, कानात कुड्या घालून ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत बसली. सेबेस्टियनने बोर्ड मांडीवर घेतला आणि सवयीने म्हणाला, “मान जरा तिकडे. हात मांडीवर. हां. बास, तोंड नंतर.”

संध्याकाळी त्याने चित्र दाखवलं. साडीची एकेक चुणी जागच्या जागी, कुडीतला मोती चमकतोय, खुर्चीचा वेत मोजून घ्यावा. ग्रेसीने बराच वेळ बघितलं.

“चांगली बाई आहे,” ती म्हणाली. “बाजारात चाललीय, भाव करून घेईल. पण हा तुमचा धुरंधर.”

“तसं वाटतंय खरं,” सेबेस्टियन म्हणाला.

पुढचं चित्र रंगीत होतं. ग्रेसी म्हणाली, “हिचे डोळे कानापर्यंत गेलेत. हिने चाफा काढायला जायची गरज नाही, चाफाच हिच्याकडे येईल.” तो दलाल होता. तेव्हा दोघंही हसले. मग त्याने रंग सोडले, पेन्सिल सोडली, नुसती शाई घेतली. जी बाई आली तिची मान हातभर लांब आणि केस काळ्या ढगासारखे. “ही कुणालातरी विष घालणार,” ग्रेसी म्हणाली. मग त्याने सगळंच कमी केलं, रेषा मोजून ओढल्या, आणि जपानी आली. “चिकणी आहे. पण हिला भाकरी थापायला सांगून बघा.”

या वेळी तो हसला नाही. चार चित्रं त्याने एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

“मी रेघ ओढली की यांच्यातलं कुणीतरी येऊन बसतं, ग्रेसी,” तो म्हणाला. “मी बोलावत नाही. ते येतात. ग्लेनला सांग, फोनमधलं घाल म्हणावं.”

एरवी ग्रेसी नवऱ्याला अहो-जाहो करायची. फार रागावली म्हणजे ते सुटायचं, आणि तसं आयुष्यात फार थोड्या वेळा झालं होतं.

“सांगणार नाही,” ती म्हणाली. “तू माझी कोपरं बघितलीस. पाठ बघितलीस. पायाची बोटं बघितलीस, त्या कुठल्या देवीला पाय हवे होते तेव्हा. माझं तोंड कधी बघितलंस?”

“रोज बघतो की.”

“पेन्सिल हातात घेऊन?”

त्याने चित्रांची चळत बाजूला सरकवली.

“आज तोंड आधी काढ,” ती म्हणाली. “हात नको, साडी नको, काही नको. ही मी बसले.”

ती खुर्ची पुढे ओढून त्याच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. दुपारची वेळ होती, रस्त्यावर वर्दळ होती. सेबेस्टियनने तिच्याकडे बघितलं. मग कागदाकडे बघितलं. पुन्हा वर बघायला त्याला फार वेळ लागला, आणि बघितलं तसं लगेच खाली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“काय झालं?”

“लाज वाटते गं.”

“कुणाची?”

“तुझी. असं समोरासमोर बसून... ओट्यासमोरून अख्खी पापडी जाते.”

ग्रेसीला आधी राग आला आणि मग हसू यायला लागलं, पण तो खरंच घाबरला होता हे तिला दिसलं. शेकडो बायका काढलेला हा माणूस, आणि स्वतःच्या बायकोच्या तोंडाकडे उजेडात टक लावून बघायची त्याला चोरी. तेवढ्यात फाटकातून फेबियन ओरडलाच, “काय रे सेबेस्टियन, डोळे तपासतोस का तिचे?” सेबेस्टियनने बोर्ड उलटा करून मांडीवर ठेवला.

ग्रेसी उठली. “मी बसायचीच नाही आता,” ती म्हणाली. “मला कामं आहेत. काढायचं असेल तर माझ्यामागून वाडीत या.”

खरं तर तिने ते रागात म्हटलं होतं. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पन्नास वर्षांत सेबेस्टियन पहाटे वाडीत गेला असेल तो पंप बंद पडला म्हणून. त्याला चिखल आवडत नसे, डास आवडत नसत, आणि फुलांचा हंगाम असताना ग्रेसीच्या वाटेत येणं तर मुळीच आवडत नसे. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ती आकडी घेऊन निघाली तर हा ग्लेनचे जुने खेळायचे बूट घालून मागच्या दारात उभा. हातात लहानसं पॅड आणि मऊ पेन्सिलीचा एक तुकडा.

“खोडरबर?” तिने विचारलं.

“राहिलं घरी.”

“मग जा, घेऊन या.”

“राहू दे. तू चल.”

ती चालली. एकेका झाडापाशी थांबून ती आकडीने फांदी खाली ओढी, फुलं खुडी, फांदी सोडी, आणि पुढे जाई. “थांब जरा,” मागून आवाज येई. “चाफा थांबतो का?” ती म्हणे. तिच्या टोपलीकडे बघून तो एक रेघ ओढी तोवर ती दुसऱ्या झाडाशी गेलेली असे. धुरंधरच्या चुण्यांना इथे सवड नव्हती. दलालची गोलाई एका दमात ओढावी म्हटलं तर तो दम अर्ध्यावर मोडे, कारण ती वळलेली असे. कागदावर अर्धवट पाठी, अर्धवट हात, एका ठिकाणी नुसतं नाक, असं काय काय साचत गेलं. कुठलंच धड नव्हतं.

आणि तो सारखा वाटेत येई. पहिल्या दिवशी पालकाच्या वाफ्यात पाय दिला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पाइपावर उभा राहिला आणि पलीकडे पाणी का पोचत नाही म्हणून ग्रेसी बघत राहिली. एकदा बूड टेकायला म्हणून तो फुलांच्या पुड्यांवर बसणार होता, तेवढ्यात ती ओरडली. “चहा आणला नाहीस का बरोबर?” असंही त्याने एकदा विचारलं. मग ती फांदी धरल्या हाताने तशीच वळून त्याच्याकडे बघी. पेन्सिल चालल्याचा आवाज तेवढा येई.

असं बरेच दिवस चाललं. प्रिंटरचे फोन ग्लेनला येत होते आणि ग्लेनचे घरी. मग एका सकाळी चाफ्याची शेवटची रांग बाकी असतानाच सेबेस्टियनने पॅड मिटलं. “झालं,” तो म्हणाला, आणि तिला न दाखवताच घराकडे गेला. चालताना तो शीळ घालत होता. हे ग्रेसीने फार वर्षांनी ऐकलं.

रविवारी मिस्सा झाल्यावर सगळे घरी होते. वटारलाच दिलेली सेबेस्टियनची धाकटी बहीण रिटा आली होती, बरोबर तिच्या वाडीतल्या केळ्यांचा घड घेऊन. जेवणं झाली, रोवेनाने चहा केला, आणि सेबेस्टियनने खोलीतून चित्र आणून टेबलावर ठेवलं. छोट्या पॅडवरच्या रेषा त्याने मोठ्या कागदावर तशाच उतरवल्या होत्या, एकही नीट न करता.

एक म्हातारी बाई होती. आकडी धरलेला हात वर, फांदी वाकलेली, पण बघत होती ती चित्राबाहेर कुणाकडे तरी. डावी भुवई चढलेली. एका डोळ्याची पापणी दुसरीपेक्षा जरा जास्त उतरलेली. ओठ एका बाजूला ओढलेले आणि त्या फटीतून पडलेल्या दाताची जागा दिसणारी. ओरडावं की हसावं हे त्या तोंडाचं ठरत नव्हतं.

मग ग्लेनने खाकरून सुरुवात केली. “पप्पा, चित्र एकदम भारी आहे. खरंच. पण ही... मम्मी अशी कुठे दिसते?”

“रेषा फार सुंदर आहेत, पप्पा,” रोवेना म्हणाली. ती शिक्षिका होती, वाईट बातमी कशी सांगावी हे तिला माहीत होतं. “पण मम्मींचा चेहरा किती शांत आहे. ही बाई थोडी... खवचट वाटते.”

रिटाने चष्मा सारखा केला. “वहिनी, ही कोण गं? फेबियनच्या घरची का कुणी?”

सेबेस्टियन हसला, पण नुसता तोंडाने. “नाही जमलं म्हणजे,” तो म्हणाला आणि चित्र उचलायला त्याने हात पुढे केला. ग्रेसीला त्याचा तो हात दिसला. फोन परत देताना दिसला होता तसाच. या वेळी याने कुणाचा आधार घेतला नव्हता, आणि या वेळीच घरातल्या एकाही माणसाने तिला ओळखलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तिनेही ओळखलं नव्हतं. इतक्या हट्टाने मागितलं ते हे? इतकी म्हातारी, दात पडलेली, कुणावर तरी तोंड वाकडं करणारी? तिला एकदम ती दलालवाली आठवली, लांब डोळ्यांची. काय वाईट होती? पण एक गोष्ट तिला कळत होती. पाहुण्यांना ती चांगली ओळखत होती, एकेकाला, आणि या चित्रात त्यांच्यातलं कुणीही नव्हतं.

“द्या इकडे,” ती म्हणाली. चित्र घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

कपाटाच्या दाराला आरसा होता. तिने चित्र त्याच्या कडेला टेकवलं आणि समोर उभी राहिली. आरशात तिचं रोजचं तोंड होतं, वेणी घालताना दिसतं ते. रोवेना म्हणते ते शांत. तिने डावी भुवई चढवून बघितली. कुणाच्यातरी मयताला आल्यासारखं दिसलं. ओठ एका बाजूला ओढले तर दाढ दुखत असल्यासारखं. हसून बघितलं, रागावून बघितलं. एकही जुळेना. आपण या वयात आरशासमोर माकडचेष्टा करतोय हे लक्षात येऊन ती थांबली. आपलं तोंड असंच आहे की नाही हे आपल्याला कसं कळणार, असा एक विचार तिच्या मनात आला आणि तिला फार एकटं वाटलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “ग्रेसी, माझा चष्मा कुठे ठेवलास गं?”

चष्मा त्याच्या कपाळावर होता. हे बघायला तिला बाहेर जायची गरज नव्हती. तीन माणसं त्याच्यासमोर बसलेली, कुणीही सांगितलं असतं, पण विचारायचं मात्र तिला, दार लोटून घेतलेलं असताना, आणि वर ‘कुठे ठेवलास’! तिने मान वर केली, आणि समोर आरशात ती बाई उभी होती. भुवई चढलेली, ओठ एका बाजूला, ओरडावं की हसावं हे न ठरलेलं.

ग्रेसी अजिबात हलली नाही. हलली तर ते जाईल असं तिला वाटलं. ते गेलंच, पण तोवर तिने बघून घेतलं होतं. गालात कुठे ओढ बसते, पापणी कुठे जड होते, ते आतून तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. बाहेरून ते कसं दिसतं हे ती पहिल्यांदा बघत होती. हे तोंड ग्लेनसमोर कधी झालं नव्हतं. रोवेनाने, रिटाने ते बघितलं नव्हतं. व्यापाऱ्याला सुनावताना होई ते तोंड वेगळं. हे एकाच माणसासमोर व्हायचं, आणि तो माणूस लाजाळू आहे, आपल्याकडे कधी बघत नाही, असं ती समजून चालली होती.

ती बाहेर आली तेव्हा रिटा केळी सोलत होती आणि ग्लेन फोनवर काहीतरी शोधत होता.

“कार्डावर तुझा फोनमधला फोटो घाल,” ग्रेसी त्याला म्हणाली. “कुठलाही घाल. जपानी तेवढी नको.”

ग्लेनचा जीव भांड्यात पडला. “नक्की ना, मम्मी? मग पप्पांचं हे चित्र?”

“हे कार्डासाठी नाही. हे माझं आहे.”

सेबेस्टियनने तिच्याकडे बघितलं. आत काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. पण चित्र तिने बाहेर तोंड करून छातीशी धरलं होतं, कडेने हात घट्ट.

“हे तोंड मी दुसऱ्या कुणापुढे करत नाही,” ती त्याला हळू आवाजात म्हणाली.

“मला दुसरं कुठलं दिसलंय?” तो म्हणाला. आणि मग, आयुष्यभराची सवय, त्याने हात पुढे केला. “दे जरा. नाकापाशी ती रेघ थोडी जाड झालीय. एवढी सारखी करून देतो.”

“हात लावशील तर बघ,” ग्रेसी म्हणाली, सगळ्यांच्या देखत.

रोवेना तिच्या अगदी समोर उभी होती. तिने सासूच्या तोंडाकडे बघितलं, मग छातीशी धरलेल्या कागदातल्या बाईकडे बघितलं, पुन्हा सासूकडे बघितलं. मग तिने ग्लेनला कोपराने ढोसलं. तोही फोन खाली ठेवून बघायला लागला.